पश्चिमेपासून साडेचोवीस अंश

कालीगुंग,
१९ जून १९९७

प्रिय लासीन,

अस्सलामु अलैकुम. तू खुशाल असशील असं धरून चालते. मीही ठीक आहे. इकडे रात्री गारठा पडायला लागलाय, सुम्बिंग डोंगराच्या माथ्यावर सकाळी ढग नसतो. तंबाखू गुडघ्याच्या वर आलाय. तुमच्या मलेशियात, साबाहमध्ये तेलताडाखाली बारा महिने घामच, असं बापाकना लिहिलं होतंस.

दीड वर्षात तुला लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. बापाकना चष्मा सापडला नाही की तुझी पत्रं मीच वाचून दाखवायची. शेवटी नेहमी असायचं, ‘घरातल्या सगळ्यांना सलाम.’ घरात बापाक, त्यांची लेक मी आणि चार कोंबड्या. त्या सलामातला माझा वाटा मी न सांगता घेत होते.

बापाक गुरुवारी, पाच तारखेला गेले. पहाटेची नमाज झाली, चटईवरच टेकून बसले, आणि मी कॉफी घेऊन आले तेव्हा नव्हते. त्रास काही झाला नाही. कॉफी मी परत आत नेऊन झाकून ठेवली. का झाकली, सांगता येणार नाही. दुपारी पाहिलं तर तशीच होती.

तू सरपंचांच्या घरी फोन केलास तेव्हा मी तिथेच होते, फोनपासून हातभर अंतरावर. पाइमानकाकांना तू एकच प्रश्न विचारलास, बापाकना नीट ठेवलं का? काका ‘हो हो, नीट’ म्हणाले आणि फोन ठेवला. गावातल्या सगळ्या कबरी तेच खणतात, तेव्हा त्यांना विचारणं बरोबरच होतं. पण मी गणिताची बाई आहे, मला ‘हो हो’ हे उत्तर चालत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

लांगारच्या, आपल्या नमाजघराच्या मागे, आईपासून चार कबरी सोडून जागा मिळाली. उजव्या कुशीवर, तोंड किबल्याकडे. बाकीच्या जुन्या कबरी सरळ पश्चिमेकडे बघतात, बापाकची तशी नाही. काबा आपल्या गावाच्या सरळ पश्चिमेला नाहीच. पश्चिमेपासून उत्तरेकडे साडेचोवीस अंश वळावं लागतं. एक मीटर पश्चिमेला जा, तिथून काटकोनात पंचेचाळीस सेंटीमीटर सहा मिलिमीटर उत्तरेला, आणि दोन टोकं जोड. पाइमानकाकांनी लांगारमध्ये नमाजेच्या रांगांसाठी मी आखलेल्या हिरव्या ओळींना समांतर दोरी ताणली आणि त्या दोरीवर खणलं. त्यामुळे बापाकची कबर शेजारच्या कबरींमध्ये तिरकी दिसते. सातव्याला आलेल्या बायका कुजबुजल्या. कुजबुजू देत.

या त्रिकोणावरूनच तू माझ्याशी बोलणं टाकलंस, हे मी विसरलेले नाही. शहरात किबला तपासण्याच्या शिबिरात आम्हा शिक्षकांना होकायंत्र दिलं होतं आणि सांगितलं होतं की जुनी लांगारं बहुतेक सरळ पश्चिमेकडे तोंड करून बांधलेली असतात, जाऊन तपासा. मी आले, लांगारच्या फरशीवर होकायंत्र ठेवलं, तर काटा तेच म्हणाला. बापाकनी एकाहत्तर साली स्वतःच्या हातांनी बांधलेलं लांगार साडेचोवीस अंशांनी चुकलेलं होतं. मी फळा आणला, नमाजेला जमलेल्या सगळ्या जमातीसमोर त्रिकोण काढला, संमुख बाजू, संलग्न बाजू, टॅन, सगळं. बापाक पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “रोकाह, पश्चिम कुणाला विचारलीस?” मी म्हटलं, होकायंत्राला. लोक हसले. मीही हसले.

मग ओळी नव्याने आखल्या आणि बापाक गुडघे दुखतात म्हणून घरीच नमाज पढायला लागले. ईदला तू आलास, त्यांना अंगणात एकटं उभं पाहिलंस आणि मला म्हणालास, “बापाकना फळ्यासमोर बसवून तू त्यांचं हसं केलंस.” पुढचं तुला माहीत आहे.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगायलाच हे पत्र. शेवटचे आठ दिवस बापाक लांगारमध्ये येत होते. माझ्या तिरक्या ओळीत, सगळ्यांबरोबर उभे राहिले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला पोरीचं गणित अखेर पटलं. मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

सगळं व्यवस्थित झालं, लासीन. काळजी करू नकोस.

तुझी बहीण,
रोकाह


कालीगुंग,
२४ जुलै १९९७

प्रिय लासीन,

सलाम. तुझं उत्तर आलेलं नाही. साबाहहून टपाल यायला दोन आठवडे लागतात हे धरूनही नाही.

चाळिसावा चौदा तारखेला झाला. कुराणपठणाला साठ माणसं आली, भाताचे पुडे सत्तर केले होते म्हणून पुरले. सोयाबीनचं तेंपे मी स्वतः तळलं. बायका म्हणाल्या, बाई, तुम्ही जरा बसा, एकदा रडून घ्या. मी तेंपे उलटत होते. मला रडू येत नाही. प्रयत्न करून पाहिला, घरात कोणी नसताना. तोंड वाकडं होतं, बाकी काही नाही.

तंबाखूची पहिली पानं काढली. गावभर बांबूच्या ताटांवर चिरलेली पानं वाळताहेत, वास घरात शिरतो. शाळा सुरू झाली आहे. आठवीला या वर्षी पोरं जास्त आहेत.

हे सगळं मी कशासाठी लिहितेय ते मला ठाऊक आहे. वर्गात पोरगं उत्तर येत नसलं की आधी पानाला समास आखतं, मग तारीख घालतं, मग पेन्सिलला टोक काढतं. आता सांगते. मागच्या पत्रात ‘सगळं व्यवस्थित झालं’ असं मी लिहिलं. ते खरं नाही. बापाकना नीट ठेवलेलं नाही, आणि ते माझ्यामुळे.

अठ्ठावीस मेच्या दुपारी बापाकनी मला बोलावलं होतं. लांगारच्या अंगणात त्यांनी बांबूची एक सरळ काठी रोवली होती, ओळंबा लावून. म्हणाले, “चार वाजून अठरा मिनिटांनी जरा ये.” सूर्य वर्षातून दोनदा बरोबर काब्याच्या माथ्यावर येतो, त्या क्षणी जगात जिथे ऊन असेल तिथे काठीची सावली काब्याची रेघ दाखवते. मे महिन्यात एकदा, जुलैत एकदा. हे मला माहीत होतं, शिबिरात तेही सांगितलं होतं. पण माझ्यापुढे सातवीच्या चाचणीचे पेपर होते, कोनांवरचीच चाचणी. मी म्हटलं, बापाक, पेपर तपासते आहे. ते बरं म्हणाले. तासाभराने आत आले तेव्हा मी विचारलं, कशाला बोलावलं होतं? म्हणाले, “काही नाही. ऊन बघत होतो.”

त्याच संध्याकाळी ते दीड वर्षाने लांगारमध्ये गेले आणि माझ्या ओळीत उभे राहिले.

जुलैतला दिवस सोळा तारखेचा, चार सत्तावीस. चाळिसावा होऊन दोन दिवस झाले होते. शाळा अजून सुरू व्हायची होती, घरात काही काम नव्हतं. काठी परसात कोंबड्यांच्या खुराड्याला टेकवलेली होती. मी ती नेऊन रोवली. कशाला, हे मी स्वतःला विचारलं नाही. त्यांनी बोलावलं होतं, मी गेले नव्हते, आता गेले, इतकंच. एक मीटरची काठी, सावली साडेतीन मीटरच्या वर. उन्नत कोन पंधरा-साडेपंधरा अंश, डोक्यातल्या डोक्यात होऊन गेला, सवयीने. मग मी सावलीवर दोरी ताणली.

दोरी लांगारच्या भिंतीला समांतर होती, लासीन. माझ्या हिरव्या ओळींशी तिचा मेळ नव्हता, बापाकच्या भिंतीशी होता. या टोकाला भिंतीपासून चार वीत, त्या टोकाला चार वीत आणि दोन बोटं. एकाहत्तर साली त्यांनी याच काठीने रेघ घेतली होती.

मी होकायंत्र आणलं. अंगणात मातीवर ठेवलं, काटा शांत राहिला आणि भिंत पश्चिमेपासून साडेचोवीस अंशांवर दाखवली. आत नेऊन फरशीवर ठेवलं. काटा फिरला. हातभर सरकवलं, आणखी फिरला. दाराशी वेगळी पश्चिम, खांबाशी वेगळी, इमामाच्या जागेशी वेगळी. चौऱ्याण्णव साली सिमेंटची फरशी घातली तिच्यात लोखंडी सळयांची जाळी आहे. मी इमामाच्या जागेशी मोजलं होतं. तिथे काटा इतका ओढला जातो की बरोबर असलेलं लांगार सरळ पश्चिमेकडे बघतंय असं वाटतं. मला शिबिरात जे सापडेल म्हणून सांगितलं होतं तेच सापडलं, म्हणून मी दुसऱ्यांदा मोजलंच नाही. पोरांना मी रोज ओरडते, पाया तपासा, मग कोन काढा.

फरशी तुझ्या पैशातून झाली हे मला आठवतं. तुला दोष देत नाही. सळया फरशीत असतातच, होकायंत्र फरशीवर ठेवायचं नसतं.

मी पाइमानकाकांकडे गेले. ते तंबाखूची ताटं फिरवत होते. मी म्हटलं, काका, ओळी चुकल्या आहेत. त्यांनी ताट खाली ठेवलं. म्हणाले, ठाऊक आहे, मेमध्ये काठीशेजारी मीच उभा होतो.

मग मला सगळं सांगितलं. काकांनी त्या दिवशी बापाकना म्हटलं होतं, चला, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना दाखवू. बापाक नको म्हणाले. पोरीला आधी स्वतः पाहू दे, नाहीतर राहू दे. आणि अंगणातून निघताना म्हणाले, “मी गेलो की माझी ओळ वेगळी काढू नकोस. जमात जिकडे तोंड करते तिकडेच मला ठेव. रोकाह शाळेत कोन शिकवते, तिचं हसं व्हायला नको.”

“मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

काका म्हणाले, “त्यांनी बोलावलं होतं की तुम्हाला, बाई.”

आता माझा प्रश्न. तू मुलगा आहेस, त्यांच्याबाबतीत शब्द तुझा. मी लोकांना सांगितलं तर ओळी पुन्हा भिंतीबरोबर होतील, आणि बापाक, जे जमातीबरोबर राहायचं म्हणून माझ्या कोनात झोपले, ते एकटे पडतील. नाही सांगितलं तर चाळीस घरं दिवसातून पाच वेळा काब्याला सोडून भलतीकडे वाकतील, मला ठाऊक असताना, आणि मी त्यांच्यामागे बायकांच्या रांगेत उभी असेन. काय करू ते लिही. शिव्या घालायच्या असतील तर त्याही घाल, पण उत्तर दे. तोवर मी गप्प राहते.

रोकाह


कालीगुंग,
३१ ऑगस्ट १९९७

लासीन,

सलाम. तुझं पत्र सत्तावीस तारखेला मिळालं. पाकिटावर माझं नाव तुझ्या अक्षरात पाहिलं आणि मी ते दुपारपर्यंत उघडलं नाही.

तू लिहिलंस, “बापाकनी जे केलं ते मोडू नकोस. त्यांनी तुझ्यासाठी किबला सोडला, तू निदान तोंड बंद ठेव.” बाकी कागद कोरा. शिव्या नाहीत. शिव्या असत्या तर सोपं गेलं असतं.

तुझं ऐकायचं असं मी ठरवलं होतं. तीन दिवस ऐकलंही. चौथ्या दिवशी, काल, दुपार उतरतानाच्या असरच्या नमाजेला उभी राहिले, समोर पुरुषांच्या रांगेत माझ्या वर्गातली सहा-सात पोरं, आपल्या बाई गणितात पक्क्या आहेत म्हणून तिरकी उभी. माझ्याने वाकवेना. वेड्यासारखी उभीच राहिले. नमाज संपल्यावर उठून पुढे गेले आणि सांगितलं. फळा नव्हता. वर्गात बोलते तसंच बोलले. होकायंत्र फरशीवर ठेवून सरकवलं आणि प्रत्येकाला काटा फिरताना बघायला लावलं. अठ्ठावीस मेबद्दल सांगितलं. बापाक पाइमानकाकांना काय म्हणाले तेही सांगितलं, काका मान खाली घालून बसले होते.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, मी त्याची तयारी करून गेले होते. सरपंचांनी विचारलं, म्हणजे बाई, दीड वर्षाच्या नमाजा वाया? ते आणि मी आज सकाळी शहरात धर्मशास्त्र जाणणाऱ्या कियाई झैनुरींकडे जाऊन आलो. कियाई म्हणाले, खरं समजून पढलेल्या नमाजा वाया जात नाहीत, पण कळल्यानंतरची एकही धरली जात नाही. सोळा जुलैपासून माझ्या किती झाल्या ते मी मोजलंय. त्या मी एकेक करून परत पढणार आहे.

मग बापाकचं विचारलं. कबर उघडून वळवता येईल का?  ते म्हणाले, पहिल्या दिवसांत कळलं असतं तर उघडायलाच सांगितलं असतं. आता तीन महिने झाले, माती आपलं काम करते आहे, त्यांना धक्का लावू नका. मी म्हटलं, जी. परत येताना गाडीत सरपंच झोपले, मी खिडकीबाहेर ताटं मोजत होते, घराघरापुढे किती.

दुपारी पोरांनी वाळू आणि खराट्याने हिरव्या ओळी घासल्या. नव्या आखायला मला बोलावलं. कॅल्क्युलेटर लागला नाही. भिंतीपासून दोन्ही टोकांना सारखं अंतर घेतलं, दोरी मारली, झालं. अर्धा तास. संध्याकाळची नमाज सगळ्यांनी बापाकच्या भिंतीबरोबर पढली. दीड वर्षात पहिल्यांदाच इमामाची जागा आणि माणसं एका रेघेत दिसली.

तू म्हणशील, सांगून तू काय मिळवलंस? काहीच नाही. गावात कुणी काही बोलत नाही, पण आज ओळी आखून झाल्यावर हेडमास्तरांनी माझ्याकडे न बघता चहा पुढे केला. तुझा शब्द मोडला, बापाकचाही मोडला. संध्याकाळी लांगारच्या मागे कबरींकडे गेले होते. सगळं गाव भिंतीबरोबर झालं, जुन्या कबरी पश्चिमेकडे आहेत त्या आहेत, आणि माझ्या कोनात आता फक्त बापाक. आख्ख्या गावात एकटे. तिथे उभी राहिले तेव्हा रडू आलं, लासीन. थोडंसंच.

मी सदतीस वर्षांची आहे, माझं लग्न झालेलं नाही, आणि माझ्यामागे तुझ्याशिवाय कोणी नाही. म्हणून हे तुलाच लिहून ठेवते. माझी वेळ आली की मला बापाकच्या मागे, एक हात सोडून ठेव. जागा मी पाइमानकाकांना सांगून राखली आहे. भिंतीबरोबर नको. त्यांच्याबरोबर. पश्चिमेपासून उत्तरेकडे एकोणपन्नास अंश, भिंतीचे साडेचोवीस आणि वर माझे साडेचोवीस. एक मीटर पश्चिमेला, मग काटकोनात एकशे पंधरा सेंटीमीटर उत्तरेला. कियाईंना विचारू नकोस, ते नको म्हणतील.

इमाम एक आणि मागे एक, इतके असले तरी जमात होते.

तुझी थोरली,
रोकाह